वाचकांचे प्रश्न : बाजारपेठेत चारचाकी बंद करायची, तर आधी काय?

प्रश्न : जळगावच्या दाणाबाजारात आमचं किराण्याचं होलसेल दुकान आहे. दिवसा रस्ता चारचाकीला बंद ठेवावा, असं व्यापाऱ्यांत चाललं आहे. पण मालाच्या गाड्या कधी येणार? आणि बंदी घालायचा अधिकार कुणाचा?
– एक व्यापारी, जळगाव

उत्तर : व्यापाऱ्यांनी स्वतःच फलक लावला, तर त्याला कायद्याचा आधार नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५ नुसार बंदीचा आदेश राज्य शासन किंवा शासनाने नेमलेला अधिकारी काढतो. बंदी महिनाभरापेक्षा जास्त असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते. महिन्याच्या आतली असेल तर स्थानिक पातळीवर जाहीर करून भागतं. म्हणून आधी तीन आठवड्यांची चाचणी मागा. अर्ज जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापालिका, तिघांकडेही द्या.

मालाचं गणित त्याआधी बसवा, कारण बहुतेक ठिकाणी योजना तिथेच मोडते. दिल्लीच्या चांदणी चौकात मोटारवाहनांना सकाळी ९ ते रात्री ९ बंदी ठरली. माल त्याआधी किंवा त्यानंतर. तुमच्याकडे पहाटे ५ ते ९ ही वेळ धरा. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून तेव्हा माल उतरवू, अशी सूचना हमखास येईल. ती मान्य करू नका. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना हमालांना पोती उचलायला लावणं माणुसकीचं नाही. दिवसा किरकोळ माल लोटगाडीवरून जाऊ द्या, पण गाड्या उभ्या करायची जागा आखून द्या. नाहीतर मोकळा झालेला रस्ता आठवड्यात लोटगाड्यांनीच भरतो.

रस्त्याच्या तोंडाशी साखळी नको, खांब हवेत. दोन खांबांत १.२ मीटर अंतर ठेवलं की चाकाची खुर्ची आणि पादचारी जातात, मोटार अडते. रिक्षाची रुंदी साधारण १.३ मीटर, म्हणजे तीही अडते. म्हाताऱ्या माणसांसाठी रिक्षा आत हवी असेल तर अंतर १.४ करा. मोटारसायकल मात्र खांबांनी कधीच थांबत नाही; तिथे गर्दीच्या वेळी माणूसच उभा लागतो. मधले दोन खांब काढता येणारे हवेत. अग्निशमन बंब अडीच मीटर रुंद असतो, त्याला किमान साडेतीन मीटर वाट सरळ मोकळी लागते. या खांबांची एक किल्ली अग्निशमन केंद्रात, दुसरी वाहतूक शाखेत. एकाच दुकानदाराकडे किल्ली आणि तो लग्नाला बाहेरगावी, असं झालं तर आग कुणासाठी थांबत नाही.

वाहनतळ बाजारापासून तीनशे मीटरच्या आत हवा. एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर जागा जाते, तेवढ्यात सहा दुचाक्या मावतात. तुमचं बरंचसं गिऱ्हाईक दुचाकीवर येत असेल, तर जागा आधी त्यांना द्या.

प्रश्न : धुळ्यात आग्रा रोडवर बंदीऐवजी लंडनसारखं प्रवेश शुल्क घेतलं तर?
– एक वाचक, धुळे

उत्तर : लंडनमध्ये २००३ पासून शहराच्या मध्यभागात येणाऱ्या गाड्यांची नंबरप्लेट कॅमेरे वाचतात आणि त्यावरून शुल्क वसूल होतं. एका रस्त्यासाठी तो खर्च परवडणारा नाही. सिंगापूरने १९७५ मध्ये कागदी परवान्यावर सुरुवात केली, पण तिथेही प्रत्येक वाटेवर तपासणीला माणसं लागली. आग्रा रोडला मिळणाऱ्या गल्ल्या पाहता एवढी माणसं कुठून आणणार? त्यापेक्षा रस्त्यावरच्या पार्किंगला तासाप्रमाणे वाढता दर लावा : पहिला तास स्वस्त, तिसरा महाग. दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्या त्यानेच हलतील, आणि त्यांतल्या कितीतरी दुकानदारांच्याच असतात.