निम्मं वर्ष पाऊस असलेल्या शहरात शिकायला जाऊ का?

*प्रिय ताई,*

*मी अठरा वर्षांची आहे. दोन विद्यापीठांत प्रवेश मिळालाय. एका ठिकाणी भाषाशास्त्राचा तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम आहे, पण त्या शहरात वर्षातले निम्मे दिवस पाऊस असतो. दुसरं विद्यापीठ आमच्यासारख्याच कोरड्या, उन्हाच्या शहरात आहे. तिथे साहित्याची पदवी, आणि तीन वर्षांत मिळून भाषाशास्त्राचे दोन पेपर. मार्चमध्ये बाबांबरोबर ते पावसाळी शहर बघून आले. तीन दिवस सूर्य दिसला नाही. तिसऱ्या संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना उगाचच रडू आलं. बाबा म्हणतात, पावसाला घाबरून कुणी शिक्षण सोडतं का? मैत्रिणी म्हणतात, किती मस्त, कायम पावसाळा! मी रोज संध्याकाळी पळायला जाते, अभ्यास गच्चीवर करते. लहानपणी बाळदमा होता, आता त्रास नाही. तीन आठवड्यांत कळवायचंय. पाऊस हे कारण हास्यास्पद आहे का?*

*— ढगाळलेली*

*ता. क. गेलेच तर छत्री कुठली नेऊ? माझी तिथे दोनदा उलटली.*

प्रिय ढगाळलेली,

हास्यास्पद अजिबात नाही. अभ्यासक्रम तू आठवड्यातले पंधरा-वीस तास भोगशील, हवा चोवीस तास. लोक घर घेताना ऊन कुठून येतं ते बघतात आणि त्यांना कुणी हसत नाही. तू तीन वर्षांचं घरच निवडते आहेस.

फक्त ‘निम्मे दिवस पाऊस’ एवढ्यावरून मला काहीच कळत नाही, आणि तुलाही कळू नये. सिंगापूरमध्ये वर्षातले साधारण १७० दिवस पाऊस पडतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतही जवळपास तितकेच. मोजण्याचे निकष थोडे वेगळे आहेत, पण ढोबळ आकडा तोच. सिंगापूरमध्ये वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, म्हणजे ग्लासगोपेक्षा पुष्कळच जास्त. तरी तिथे दुपारी तासभर आभाळ फाटतं, रस्ते वाहतात आणि पुन्हा ऊन पडतं. बाराही महिने दिवस बारा तासांचा. ग्लासगोत पाऊस पडतो की नुसता हवेत तरंगतो, असा प्रश्न पडावा अशी झिमझिम, आणि डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. पावसाच्या दिवसांच्या यादीत ही दोन शहरं शेजारी बसतील, राहायला मात्र दोन वेगळे ग्रह. वर्षाचा एकूण आकडा तर आणखी फसवा. चेरापुंजीत वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि हिवाळ्यात तिथे पाण्याची टंचाई असते. न्यूयॉर्कमध्ये सिॲटलपेक्षा जास्त पाऊस पडतो, पण पावसाळी म्हणून बदनाम कोण, तर सिॲटल, कारण तिथला पाऊस थोडा थोडा आणि महिनोन् महिने येतो.

तू शहराचं नाव लिहिलं नाहीस. पण तीन दिवस सूर्य दिसला नाही आणि वाऱ्याने छत्री उलटली म्हणतेस, त्यावरून ते उत्तरेकडच्या झिमझिमीचं असावं असा माझा तर्क. तसं असेल तर पावसाचा आकडा शोधत बसू नकोस. महिनावार सूर्यप्रकाशाचे तास शोध. हवामान खात्याच्या तक्त्यात तो रकाना असतो, कुणी वाचत नाही एवढंच. ग्लासगोच्या परिसरात अख्ख्या डिसेंबरात मिळून चाळीस तासही ऊन पडत नाही. चाळीस तास म्हणजे तुझ्या गावातलं चार-पाच दिवसांचं ऊन, महिनाभर पुरवून वापरायचं.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसावी. तू मार्चमध्ये गेलीस. मार्चच्या उत्तरार्धात पृथ्वीवर सगळीकडे दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात. म्हणजे तू पाहिलास तो त्या शहराचा बऱ्यापैकी उदार चेहरा. शिवाय उत्तरेकडची बहुतेक विद्यापीठं सप्टेंबर-ऑक्टोबरला उघडतात आणि मे-जूनला सुट्टी देतात. त्या शहराचा चांगला ऋतू सुरू होतो तेव्हा विद्यार्थी बॅगा भरत असतात. वर्षाची सरासरी तुझ्या काही कामाची नाही. तुझ्या वाट्याला येणारे महिने तेवढे बघ.

हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये. मी स्वतः अशा एका शहरात दोन वर्षं काढली. पहिल्या नोव्हेंबरात माझा सकाळी नऊचा तास चुकायला लागला. आधी एकदा, मग आठवड्यातून तीनदा. मला वाटलं, घरापासून लांब आल्यावर आपला खरा आळशी स्वभाव बाहेर पडला. दुपारी झोपायचे, संध्याकाळी कुणी बोलवलं तर डोकं दुखतंय म्हणायचे. पाऊस तर मला आवडायचा, म्हणून पावसावर संशयही आला नाही. संशय यायला हवा होता तो उजेडावर. हंगामी नैराश्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. शरदात सुरू होतं, वसंतात ओसरतं, झोप वाढते, भूक वाढते, माणसं नकोशी होतात. मला तो आजार होता की नाही, देव जाणे. डॉक्टरकडे गेलेच नाही, आणि ती चूकच झाली.

मला बाहेर काढलं शेजारच्या खोलीतल्या मुलीने. ती रोज सकाळी दार वाजवायची आणि पाऊस असो नसो, अर्धा तास चालायला न्यायची. मी मनातल्या मनात तिला शिव्या घालत जायचे. तिचं बरोबर होतं हे पुढे कळलं. दिवा लावलेल्या खोलीत साधारण १०० ते ५०० लक्स उजेड असतो (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). गच्च ढगाळ सकाळीसुद्धा बाहेर त्याच्या कित्येक पट असतो, हजाराच्या वर. आपले डोळे इतके पटकन जुळवून घेतात की हा फरक जाणवतच नाही, पण शरीराचं घड्याळ त्यावरच चालतं. उपचारासाठी जे खास दिवे वापरतात ते १०,००० लक्सचे असतात, सकाळी अर्धा तास समोर ठेवून बसायचे. तसा दिवा लागला तर डॉक्टरांना विचारून घे, पण आधी पाय वापर.

तुझ्या पळण्याचं मला म्हणूनच उलटं वाटतं. पावसाने ते बुडेल असं तू धरून चालली आहेस. पावसात पळणं पहिली पाच मिनिटं वाईट असतं, मग ओलं झालेलं माणूस आणखी ओलं होत नाही. बुडेल ते ‘संध्याकाळी’ पळणं, कारण चार वाजताच काळोख. सकाळी तासांच्या आधी किंवा भर दुपारी पळायची सवय लावलीस तर तुला माझ्यासारखी शेजारीण शोधावी लागणार नाही. गच्चीचं मात्र सांत्वन करता येत नाही. ती गेली.

आणि गच्चीबरोबर आणखी एक गोष्ट जाते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. उन्हाच्या गावात मैत्री फुकट होते. पायरीवर बसलेलं कुणी दिसतं, आपण टेकतो, दोन तास जातात. पावसाळी शहरात पायऱ्या ओल्या. लोक दाराआड असतात, आणि दाराआडच्या माणसाला भेटायचं तर ठरवावं लागतं, कळवावं लागतं, बहुतेक वेळा खिशात हातही घालावा लागतो. लाजाळू मुलांना पहिलं सत्र तिथे जड जातं ते या कारणाने. तू कशी आहेस ते पत्रावरून कळलं नाही. लाजाळू असशील तर पहिल्या दोन आठवड्यांतच आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी भेटणारं काहीतरी धर. नाटक, गाणं, बुद्धिबळ, काहीही. आवड दुय्यम, वार महत्त्वाचा.

आता बाळदमा. हा मुद्दा तू एका ओळीत उरकलास, मला तो सगळ्यात मोठा वाटला. ज्यांना कधीकाळी दमा होता त्यांचा खरा वैरी बाहेरचा पाऊस नसतो, खोलीतली ओल असते. माझी पहिली खोली तळमजल्यावर, खिडकी उत्तरेला. जानेवारीत कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत काळी. चामडी पट्ट्यावर हिरवी लव आली होती. व्यवस्थापनाला सांगितलं तर म्हणाले, खिडकी उघडी ठेवत जा. बाहेर पाऊस, आत खिडकी उघडी, आणि मी कोट घालून अभ्यासाला! खरं तर त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. एका धुण्याचे ओले कपडे खोलीत वाळवले की दोनेक लिटर पाणी हवेत जातं, आणि माझं रोज काही ना काही खुर्चीच्या पाठीवर पसरलेलं असायचं. पण भिंत आधीपासून ओली होती हेही तितकंच खरं. दुसऱ्या वर्षी मी तिसऱ्या मजल्यावरची, दक्षिणेला खिडकी असलेली खोली घेतली. आधीच्या खोलीच्या निम्म्याने, पलंगावरून उठलं की टेबल. त्या वर्षी मला एकदाही खोकला झाला नाही.

म्हणून हो म्हणायच्या आधी, तीन आठवड्यांच्या आतच, दोन कामं कर. तुझ्या डॉक्टरांना भेटून त्या हवेबद्दल स्पष्ट विचार. मग वसतिगृहाच्या कार्यालयाला लेखी कळव की पूर्वी दमा होता, वरच्या मजल्यावरची, सूर्याच्या बाजूची खोली हवी, आणि कपडे वाळवायची वेगळी सोय आहे का. तोंडी नको. लेखी पत्राला लेखी उत्तर येतं आणि ते जानेवारीत कामाला येतं. डॉक्टर नाही म्हणाले तर प्रश्न तिथेच मिटला, भाषाशास्त्र कितीही गोड असलं तरी. जाणं ठरलं तर ड जीवनसत्त्वाचंही त्यांनाच विचार. ब्रिटनमध्ये सरकारच सगळ्यांना शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायचा विचार करा असं सांगतं, कारण त्या अक्षांशांवर थंडीत ऊन पडलं तरी त्वचेला ते पुरेसं तयार करता येत नाही. सावळ्या त्वचेला आणखीच कमी.

तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलणार असशील तर नुकत्याच आलेल्यांशी बोलू नकोस, दुसऱ्या वर्षाच्यांना गाठ. आणि ‘पाऊस खूप असतो का?’ असं विचारू नकोस. त्यावर सगळे ‘सवय होते’ म्हणतात आणि विषय संपतो. गेल्या फेब्रुवारीत एका आठवड्यात, तास सोडून, किती वेळा बाहेर पडलीस, असं विचार. उत्तर देण्याआधी ती किती वेळ थांबते ते ऐक.

डॉक्टरांची हरकत नसेल तर माझं मत विचारशील, तर जा. पावसाला घाबरायचं नसतं म्हणून नव्हे. एकीकडे तीन वर्षं भाषाशास्त्र आणि दुसरीकडे दोन पेपर, हा फरक मला फार मोठा वाटतो. दोन पेपरांत तुला त्या विषयाची भूक लागेल आणि ताट उचललं जाईल. कोरड्या शहरातल्या त्या पदवीत तुला साहित्य मनापासून शिकायचं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. पण पत्रात साहित्याबद्दल एक शब्द नाही. बसस्टॉपवरच्या रडण्याला मी फार वजन देत नाही. तीन दिवसांचा प्रवास, ओले मोजे आणि आयुष्यातला पहिला मोठा निर्णय, एवढ्यावर मीही रडले असते. मात्र याआधी कधी आठवडेच्या आठवडे मन असं बुडालेलं राहिलं असेल, तर ते डॉक्टरांना सांग आणि माझं हे ‘जा’ बाजूला ठेव.

जाण्याआधी एक दार उघडं ठेव. एका वर्षानंतर बदली घेता येते का, पहिल्या वर्षाचे श्रेयांक दुसरीकडे धरतात का, हे दोन्ही विद्यापीठांना आत्ताच विचारून घे. आणि परत यायचं की राहायचं हे फेब्रुवारीत ठरवू नकोस. फेब्रुवारीत मी दोन्ही वर्षी घरी फोन करून ‘मी येतेय’ म्हणाले होते. मे महिन्यात ठरव, तेव्हा जे वाटेल ते खरं धर.

बाबांचं वाक्य मनाला लावून घेऊ नकोस. तीन दिवस तेही तुझ्याबरोबर भिजलेच की. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा आणि वसतिगृहाचं पत्र त्यांच्याकडून तपासून घे. काम दिलं की वडील उपदेश करायचे थांबतात, असा माझा अनुभव.

छत्रीचं विचारलंस. कुठलीच नको. जिथे पाऊस आडवा येतो तिथे छत्री म्हणजे एक हात अडकवणारं शीड. टोपीचं, शिवणींवर आतून पट्टी मारलेलं जाकीट घे, मांडीपर्यंत येणारं. बुटांचे दोन जोड हवेतच, कारण भिजलेला जोड दुसऱ्या दिवशी वाळलेला नसतो. रात्री त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव, हीटरला चिकटवून ठेवलेस तर चामडं तडकतं. आणि जीन्स एकच ने. ती वाळायला किती दिवस लागतात ते बघितलंस की दुसरी न्यावीशी वाटणारच नाही.

— तुझी ताई