वाचकांचे प्रश्न : सिंथेटिक बायोलॉजीची विद्यार्थी टीम

या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न आयजेम या सिंथेटिक बायोलॉजीच्या (नव्याने जुळवलेला डीएनए जिवाणूंसारख्या सजीवांत घालून हवं ते काम करून घेण्याच्या शास्त्राच्या) आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या मार्गदर्शकांचे आहेत. त्यांतले नेहमी अडणारे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आमच्या कॉलेजची ही पहिलीच टीम. नाव द्यायला चौदा जण तयार आहेत, पण सगळेच जीवशास्त्राचे. चालेल का? कामं कशी वाटायची?

चौदा जण भरपूर झाले, पण सगळे एकाच विषयाचे असले तर टीम लंगडी पडेल. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात २००४ साली पाच संघांनिशी ही स्पर्धा सुरू झाली. आता संघ शेकड्यांनी येतात आणि परीक्षक प्रयोगाइतकंच गणिती मॉडेल, विकी (प्रकल्पाची माहिती देणारी टीमची वेबसाइट), सुरक्षितता आणि समाजाशी साधलेला संवादही तपासतात. गणित आणि प्रोग्रॅमिंग जाणणारे दोघं तरी बाहेरून घ्या, तेही डीएनएची ऑर्डर जाण्याआधी. कोणता प्रमोटर (जनुक किती जोराने चालेल हे ठरवणारा डीएनएचा भाग) किती ताकदीचा हवा, हे मॉडेलने आधी सांगितलं तरच त्याचा उपयोग. प्रयोग संपल्यावर आकड्यांना चिकटवलेलं मॉडेल परीक्षक लगेच ओळखतात.

प्रयोगशाळेत बाकामागे पाच-सहा जण पुरतात. त्याहून जास्त झाले की पीसीआर (डीएनएच्या प्रती बनवणाऱ्या) मशीनपुढे रांग लागते आणि कोणाची ट्यूब कोणती हेच कळेनासं होतं. प्रत्येक प्रयोगाला दोघं नेमा, म्हणजे एकाची परीक्षा आली तरी काम थांबत नाही. विकीची जबाबदारी पहिल्या महिन्यातच एकाला द्या. ठरलेल्या वेळेला विकी बंद होतो आणि मग त्यात एक अक्षरही बदलता येत नाही.

प्रश्न : मी मार्गदर्शक आहे. क्लोनिंग (डीएनएचे तुकडे जोडून जिवाणूत घालणं) अडलं की विद्यार्थी माझ्याकडे येतात आणि शेवटी पिपेट माझ्याच हातात येतं. कुठे थांबावं?

प्रात्यक्षिक एकदा दाखवून झालं की थांबावं. प्रकल्प विद्यार्थ्यांचा असावा आणि कोणी काय केलं हे श्रेयाच्या नोंदीत स्पष्ट लिहावं, ही स्पर्धेची अट आहे. तुम्ही केलेलं क्लोनिंग तिथे तुमच्याच नावावर लिहावं लागेल. त्याहून मोठं नुकसान म्हणजे परीक्षकांनी त्या प्रयोगाबद्दल विचारलं तर विद्यार्थ्यांना उत्तर देता येणार नाही.

तुमचा खरा उपयोग प्रयोगाच्या आधी आहे. डीएनए मागवण्यापूर्वी सीक्वेन्सची फाइल घेऊन टीमसोबत तासभर बसा. वाचनचौकट सरळ आहे का, म्हणजे तीन-तीन बेसचे गट (कोडॉन) नीट जुळतात का? रायबोसोम-बंधनाची जागा आणि सुरुवातीचा एटीजी यांत साधारण सहा ते आठ बेस आहेत का? गोल्डन गेटसाठी (एकाच ट्यूबमध्ये डीएनए कापून जोडण्याची पद्धत) बीएसए-वन हे डीएनए कापणारं एन्झाइम वापरणार असाल तर जीजीटीसीटीसी हा क्रम जनुकात शोधा, आणि उलट्या धाग्यासाठी जीएजीएसीसीही शोधा. हा दुसरा शोध हमखास राहून जातो. सापडलाच तर अमिनो आम्ल तेच राहील असा कोडॉन बदलून घ्या. जुन्या बायोब्रिक पद्धतीने (ईको-आर-वन, एक्सबीए-वन, स्पी-वन, पीएसटी-वन ही एन्झाइमं) दोन प्रोटीनं जोडायचा बेत असेल तर तो तिथेच थांबवा. त्या सांध्यात स्टॉप कोडॉन येतो, त्यामुळे पुढचं प्रोटीन बनतच नाही.

आठवड्याच्या बैठकीत स्लाइड मागू नका, वहीचं पान मागा. त्यावर चार गोष्टी असाव्यात : काय तपासायचं होतं, काय अपेक्षित होतं, कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) कोणते, दिसलं काय. «नकारात्मक कंट्रोलवर काय यायला हवं?» हे प्रयोगाआधी विचारा. उत्तर आलं नाही तर प्रयोग पुढे ढकला. गेल्या वर्षीच्या सदस्यांना सल्लागार म्हणून जोडून घेतलं की छोट्या शंका तिथेच मिटतात. सुरक्षिततेचे अर्ज आणि नव्या जिवाणूंची परवानगी मात्र त्यांच्यावर सोपवू नका, ती जबाबदारी प्राध्यापकांचीच.

प्रश्न : गोल्डन गेटनंतर पहिल्यांदा प्लेटवर एकही कॉलनी नव्हती. दुसऱ्यांदा शेकडो आल्या, पण सगळ्यांत मूळ रिकामा प्लास्मिड (जिवाणूतला डीएनएचा छोटा गोल). काय चुकतंय?

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

कॉलनीच नसेल तर आधी पेशी तपासा. पीयूसी-१९ हा चाचणीचा प्लास्मिड १०० पिकोग्रॅम घालून ट्रान्सफॉर्मेशन (पेशींत डीएनए घालणं) करा, माध्यम घालून १ मिलिलिटर करा आणि त्यातले १०० मायक्रोलिटर पसरा. म्हणजे प्लेटवर १० पिकोग्रॅम डीएनए गेला. १५० कॉलनी आल्या तर पेशींची क्षमता मायक्रोग्रॅममागे दीड कोटी कॉलनी. तयार प्लास्मिड पुन्हा घालायला दहा लाखही चालतात, पण चार-पाच तुकडे जोडताना दहा कोटींच्या आसपासची क्षमता हवी. पीयूसी-१९ला अँपिसिलिनची प्लेट लागते. तो क्लोरॅम्फेनिकॉलवर पसरून «पेशी मेल्या» असा निष्कर्ष काढणाऱ्या टीम बऱ्याच असतात.

पेशी ठीक असतील तर पद्धतीकडे वळा. ५० मायक्रोलिटर पेशींत जोडणीचं मिश्रण ५ मायक्रोलिटरपेक्षा जास्त नको. बर्फावर ३० मिनिटं, ४२ अंशांवर ३० ते ४५ सेकंद, परत बर्फावर २ मिनिटं. मशीनवरचा आकडा न मानता पाण्यात थर्मामीटर घाला. नंतर एसओसी माध्यमात ३७ अंशांवर पूर्ण एक तास हलवा. अँपिसिलिनला कमी वेळ खपतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि कॅनामायसिनला खपत नाही, कारण प्रतिकाराचं प्रोटीन पेशीला आधी बनवावं लागतं.

लायगेजचा, म्हणजे डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमचा, बफरही तपासा. त्यातला एटीपी वारंवार गोठवण्या-वितळवण्याने निकामी होतो, म्हणून बाटली आली की लगेच १०-२० मायक्रोलिटरच्या ट्यूबांत वाटून ठेवा. तळाशी पांढरा साका दिसला तर तो विरघळेपर्यंत हातात धरून मिसळा.

आता रिकाम्या प्लास्मिडबद्दल. ३७ आणि १६ अंशांची तीस आवर्तनं झाल्यावर ६० अंशांवर ५ मिनिटं ठेवलं नाही, तर न कापलेला प्लास्मिड तसाच उरतो. पाठकणा (तुकडे ज्यात बसवायचे तो प्लास्मिड) पीसीआरने बनवला असेल तर साचा म्हणून वापरलेला प्लास्मिडही सोबत येतो. डीपीएन-वन हे एन्झाइम फक्त मिथाइल असलेला, म्हणजे जिवाणूतून काढलेला डीएनए कापतं, तेव्हा पीसीआरनंतर ते जरूर वापरा. कापून निघून जाणाऱ्या तुकड्यात लाल प्रोटीनचं जनुक असलेला पाठकणा घेतलात तर निवड डोळ्यांनीच होते : लाल कॉलनी सोडा, पांढरी उचला. तुकड्यांचं प्रमाण वजनावर नव्हे, रेणूंच्या संख्येवर धरा. २२०० बेसजोड्यांचा पाठकणा ७५ नॅनोग्रॅम घेतला, तर १००० बेसजोड्यांचा तुकडा दुपटीने घालायला सुमारे ६८ नॅनोग्रॅम लागतो.

कॉलनी पीसीआरमध्ये एक प्रायमर (पीसीआर सुरू करून देणारा छोटा डीएनए) पाठकण्यावर आणि दुसरा तुकड्यात ठेवा. दोन्ही तुकड्यातच असले तर प्लेटवर सांडलेला तुकडाही जेलवर पट्टी देतो आणि तुम्ही जिंकल्याच्या भ्रमात राहता. शेवटचा शब्द सीक्वेन्सिंगचा. सँगर पद्धतीत पहिले ३०-५० बेस अस्पष्ट येतात आणि पुढचे ७०० ते ९०० वाचता येतात. तुकडा दीड हजारांचा असेल तर दोन्ही बाजूंनी वाचून घ्या.

प्रश्न : तोच हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा प्लास्मिड, पण आमच्या आणि शेजारच्या प्रयोगशाळेच्या मशीनवर मोजलेल्या चमकेत दसपट फरक येतो. कोणाचा आकडा खरा?

दोघांचेही आकडे आपापल्या मशीनपुरते. फ्लुओरेसीन या चमकणाऱ्या रंगद्रव्याची ठरावीक सौम्यीकरणं त्याच सेटिंगवर मोजून आलेख काढा आणि दोघांचे आकडे «इतक्या फ्लुओरेसीनइतकं» या एककात आणा. रिकाम्या प्लास्मिडच्या पेशींची चमक वजा करा आणि मग ओडी ६००ने (कल्चर किती दाट आहे याच्या मापाने) भागा. कल्चरची ओडी ०.४च्या वर असेल तर पातळ करून मोजा, कारण दाट कल्चरमध्ये ओडी खरी वाढ दाखवत नाही. जिवाणू वाढवायचं एलबी माध्यम स्वतःच चमकतं, त्यामुळे पेशी पीबीएस बफरमध्ये धुऊन घेतल्या तर बरं. प्लेट घट्ट झाकली असेल तर प्राणवायू कमी पडतो आणि हिरवं प्रोटीन बनूनही चमकत नाही.

एकाच कॉलनीने भरलेल्या प्लेटच्या तीन विहिरी (खळगे) म्हणजे तीन नमुने नव्हेत. तीन वेगळ्या कॉलनी घ्या.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनात चमकणाऱ्या जिवाणूंची प्लेट न्यावी का?

नको. जनुकीय बदल केलेले जीव प्रयोगशाळेबाहेर नेण्याला स्पर्धेत मनाई आहे, आणि प्लास्मिडवर प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक असतं. फोटो न्या.

प्रश्न : सीनियर जाताना फ्रीझरभर ट्यूब ठेवून गेले आणि कशात काय आहे कोणालाच माहीत नाही. यापुढे हे कसं टाळावं?

रात्रभर वाढवलेलं कल्चर ५०० मायक्रोलिटर, त्यात ५० टक्के ग्लिसरॉल ५०० मायक्रोलिटर, नीट मिसळून उणे ८० अंशांत. क्रमांक ट्यूबच्या अंगावर लिहा. झाकणं अदलाबदल होतात. त्याच क्रमांकावर वहीत प्लास्मिड, जिवाणूचा वाण, प्रतिजैविक, तारीख आणि सीक्वेन्सिंगच्या फाइलचं नाव नोंदवा. निरोपाआधी प्रत्येक साठा सीनियरनी नव्या सदस्यासमोर प्लेटवर ओढून उगवून दाखवावा. जो उगवत नाही किंवा ज्याची फाइल नाही, तो १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून टाकून द्या. आत्ता फ्रीझरमध्ये असलेल्या बेनाम ट्यूबांपैकी एखादी खरंच मोलाची वाटत असेल, तर तिचा प्लास्मिड काढून सीक्वेन्स करा. बाकीच्यांवर महिना घालवू नका.