वाचकांचे प्रश्न : पळत पळत बार काढायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : काका, मी जांबोटीकडचा, वय २४. मोबाइलवर बाहेरच्या देशातले शॉटगनचे सामने रोज बघायलोय. टूं करून आवाज झाला की माणूस पळत सुटतोय, लोखंडी पाट्या धडाधड पाडतोय, पळता पळता काडतुसं भरतोय. आमच्या घरी शेतराखणीची एकनळी आहे, वडिलांच्या नावावर. माझा नेम बरा आहे. असल्या सामन्यात उतरायचं तर हीच बंदूक चालेल का, आणि सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : तू काका म्हणालास, म्हणून मीही तुला अरे-तुरे करतो.

आधी वडिलांच्या एकनळीचं. तुझा नेम बरा आहे हे तुला कशावरून कळलं, ते मी विचारत नाही. फौजदार मात्र विचारील. परवाना घराच्या नावावर नसतो, माणसाच्या नावावर असतो. रानडुकरं हाकलायला वडिलांना मिळालेली बंदूक तू खांद्याला अडकवून सामन्याला निघालास तर ते बिगरपरवाना हत्यारच. वडिलांना ७० पूर्ण झाली असतील, किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षं असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वारस म्हणून तुला स्वतःच्या नावावर परवान्यासाठी डी.सी. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज करता येतो. जरूर कर. पण त्या बंदुकीवर तुझा खेळ होणार नाही. एक बार काढायचा, नळी खाली पाडायची, रिकामं काडतूस ओढायचं, दुसरं घालायचं, नळी बंद करायची. तेवढ्यात व्हिडिओतला गडी चार पाट्या पाडून पुढच्या कोपऱ्यावर गेलेला असतो.

शेतात डबे मांडून सराव करायचा बेत असेल तर तोही सोड. तुमच्या शिवारापासून भीमगड अभयारण्य लांब नाही. तिथं परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, बार काढायचीसुद्धा गरज पडत नाही.

आता खेळाकडे. तू बघतोस त्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. त्याची जागतिक संघटना आय.पी.एस.सी. १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. मूळ खेळ पिस्तुलाचा. शॉटगनची पहिली स्वतंत्र जागतिक स्पर्धा २०१२ मध्ये हंगेरीत भरली. व्हिडिओत पळणं दिसतं, हिशेब दिसत नाही. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, असा तो हिशेब. समज, १६ पाट्या आहेत, प्रत्येकीला ५ गुण. तू निवांत २० सेकंदांत सगळ्या पाडल्यास : ८० भागिले २०, म्हणजे ४. तुझा जोडीदार सुसाट सुटला, १६ सेकंदांत संपवलं, पण २ पाट्या उभ्या राहिल्या. त्याचे ७० झाले, त्यातून उभ्या पाटीमागे १० प्रमाणे २० वजा, राहिले ५०. भागिले १६. तीनच्या जरा वर. चार सेकंद आधी पोचून तो तुझ्यामागे. हे गणित डोक्यात बसेपर्यंत पळायचं नाव काढू नकोस.

आणि 'शॉटगनचे छर्रे पसरतात, नेम कशाला धरायचा' असं ज्यांनी कधी बंदूक धरलेली नाही तेच लोक ठासून सांगतात. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळ, नसलेल्या नळीतून १० मीटरवर छर्रे पसरून पसरून जेवणाच्या ताटाएवढे होतात. एवढंच. घाईत नळीचं तोंड जरा हललं की सगळे छर्रे पाटीच्या बाजूनं जातात.

आपल्या देशातली अडचण अशी की परदेशात बहुतेकजण वापरतात ती अर्धस्वयंचलित शॉटगन आपल्या कायद्यात प्रतिबंधित वर्गात मोडते. साध्या परवान्यावर मिळते ती पंप-अ‍ॅक्शन, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून चालणारी. इशापूरच्या सरकारी कारखान्यानंही १२ बोअरची पंप-अ‍ॅक्शन काढलेली आहे. आय.पी.एस.सी.त असल्या हातानं ओढून भरायच्या बंदुकांना वेगळा विभाग असतो, त्यामुळे पंपवाल्यानं मन छोटं करायचं कारण नाही. पण आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत शॉटगन म्हणजे ट्रॅप, डबल ट्रॅप आणि स्कीट, हवेत उडवलेली तबकडी फोडायचे प्रकार. तुला आत शिरायचं दार हेच आहे. फौजेतले राज्यवर्धनसिंह राठोड २००४ साली अथेन्समध्ये रौप्यपदक घेऊन आले ते डबल ट्रॅपमध्ये. रिओनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून गेला.

माझं मत विचारशील तर तू स्कीट धर. ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावून उभं राहायला मुभा असते आणि मातीची तबकडी तुझ्यापासून लांब पळत जाते. स्कीटमध्ये दस्ता कमरेशी. तू हाक दिलीस की तबकडी लगेच येईल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही येईल, आणि ती दिसल्यावरच बंदूक वर न्यायची. एका बाजूला तबकडी फेकणारं उंच घर, दुसऱ्या बाजूला बुटकं घर, मध्ये उभं राहायच्या आठ जागा, काही ठिकाणी दोन्हीकडून एकदम दोन तबकड्या. तबकडी ११० मिलिमीटर रुंद, वजन १०५ ग्रॅम. पाटी पाडायला पुढे तुला जे लागणार आहे, म्हणजे डोळ्यानं आधी धरायचं, बंदूक मागून यायची आणि गालाला लागता लागता चाप ओढायचा, ते सगळं इथं बसतं.

रेंज मात्र लांब आहेत, हे कबूल. दिल्लीची कर्णीसिंह रेंज, जयपूर, पटियाला. आपल्याला त्यातल्या त्यात हैदराबाद. कोल्हापूर जवळ आहे, नेमबाजीत नावही मोठं आहे, पण ते नाव रायफल-पिस्तुलाचं. नोंदणी कर्नाटक राज्य संघटनेतून कर, कारण तुझा पत्ता, परवाना, पोलिस चौकशी सगळं इकडचं. मनानं आपण कुठले, हा वाद सामन्याच्या अर्जावर आणू नये. खेळाडूला एकाच राज्याकडून उतरता येतं.

तोवर घरी काय करशील? काडतूस भरायला शीक. या खेळात सगळ्यांत जास्त वेळ बार काढण्यात जात नाही, नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं ढकलण्यात जातो. त्यासाठी ना परवाना लागतो, ना बंदूक. सुताराकडून साधारण २० मिलिमीटर जाडीचा लाकडी गोल दांडा आण आणि त्याचे ५८ ते ६० मिलिमीटरचे तुकडे कर. डब्यावर ७० लिहिलेलं असतं, ती बार झाल्यावर तोंड उघडलेल्या काडतुसाची लांबी. भरलेलं काडतूस त्याहून आखूड असतं. त्यालाच सांगून बंदुकीच्या आकाराचं लाकूड तासून घे आणि पोटाला एक बाजूनं उघडी अशी पन्हळ ठेव.

आता दोन तुकडे एका हातात घे, एकामागे एक, सरळ रेषेत. मागच्याच्या बुडावर अंगठा. लाकूड काखेत दाब, पोट आभाळाकडे. अंगठ्यानं पहिला आत ढकल आणि हात मागे न घेता त्याच रेट्यात दुसरा. नवशिक्याची बोटं इथं हमखास अडकतात, कारण तो पहिल्यानंतर मूठ सैल करतो आणि दुसरा तुकडा तिरका होतो. मूठ सैल करायची नाही, मनगट पुढे सरकवायचं. दोन जमले की चार : दोन-दोनच्या जोड्या, एकावर एक. खऱ्या बंदुकीत प्रत्येक काडतूस आत बसल्याचा 'टक्' आवाज येतो. तो न येता हात काढलास तर काडतूस उलटं येऊन पायावर पडतं. नजर पट्ट्यावर नाही, पन्हळीवर ठेव. पट्ट्यातली काडतुसं हाताला आंधळेपणानं सापडली पाहिजेत.

बंदूक वर आणायचा सरावही त्याच लाकडावर होतो. भिंत आणि छत मिळतं त्या रेघेवर तोंड धरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न अडखळता न्यायचं. गाल दस्त्यावर, दोन्ही डोळे उघडे.

पहिल्या सामन्याला गेलास तर एवढं पाळ : पळताना आणि भरताना बोट चापाबाहेर, तोंड सदैव पुढच्या मातीच्या बांधाकडे. मागे वळताना तोंड ठरलेल्या रेषेबाहेर गेलं किंवा बंदूक हातातून सुटली, तर त्या सामन्यापुरता तू घरी. तिथं वशिला चालत नाही आणि चालू नये.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. तिला शॉटगन शिकायची आहे. घरचे म्हणतात, खांदा निखळेल. तुमचं काय मत?
– एक आई, निपाणी

उत्तर : ताई, खांदा निखळत नाही. बंदूक तिच्या मापाची नसेल तर मात्र काळानिळा होतो. बहुतेक दस्ते उंच पुरुषाच्या हिशेबानं केलेले असतात. ढोबळ माप असं : दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवून तिचं बोट चापापर्यंत सहज पोचायला हवं. पोचत नसेल तर ती बंदूक खांद्यापासून लांब धरते, आणि धक्का खरा तिथंच लागतो. दस्ता आखूड करून मिळतो. चांगला कारागीर कापलेला तुकडा जपून ठेवायला देतो, मुलगी वाढली की परत जोडता येतो. स्पर्धेच्या काडतुसात छर्रे जास्तीत जास्त २४ ग्रॅम असतात, रानडुकराच्या काडतुसाएवढा त्याचा दणका नसतो.

स्वतःचा परवाना २१ नंतर. तोपर्यंत प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकता येतं. त्याआधी एक गोष्ट घरीच बघा. तिला दोन्ही तळव्यांच्या बेचक्यात छोटी फट करून दूरच्या दिव्याकडे बघायला सांगा, मग हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायला लावा. फट ज्या डोळ्यावर येते तो तिचा जोरकस डोळा. उजव्या हाताची असून डावा डोळा निघाला तर पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला सांगा, नाहीतर महिनोन्‌महिने पोर नेम चुकतोय म्हणून रडेल आणि कुणाला कळणार नाही का. आणि घरचे फारच आडवे आले तर पॅरिसची आठवण द्या : २०२४ ला स्कीटच्या मिश्र दुहेरीत महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका यांचं कांस्य ४३-४४ असं एका तबकडीनं गेलं. महेश्वरीचा खांदा जागेवर आहे.

प्रश्न : उसाचं बिल आलंय. ट्रॅपसाठी परदेशी बंदूक घ्यावी म्हणतोय. कुठली घेऊ?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : कुठलीच नको. पहिलं वर्ष रेंजवरची किंवा क्लबची वापरा आणि वाचलेले पैसे काडतुसांत घाला. एका फेरीला २५ तबकड्या, ट्रॅपमध्ये प्रत्येकीवर दोन बार काढता येतात. हिशेब तुम्हीच करा. पुढे घ्यायचीच तर नळ्या एकावर एक असलेली दुनळी, शेजारी-शेजारी असलेली नव्हे. दुकानात बंदूक हातात घेतल्यावर डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग उघडा. नळीवरच्या पट्टीवर सरळ बघत असाल तर ती तुमची. मान वाकवावी लागली तर कितीही मोठं नाव कोरलेलं असू दे, ठेवून द्या. आणि लक्षात असू द्या, २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात.

प्रश्न : कानात कापूस घातला तर पुरतो का?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : नाही. १२ बोअरचा आवाज १५० डेसिबलच्या घरात जातो. आवाज अडवणारे खास बोळे कानात आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही. मी आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्या; आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांशी आता ओरडूनच बोलावं लागतं.

प्रश्न : निवडणूक लागली की बंदूक स्टेशनात जमा करावी लागते. सामन्याच्या तोंडावर असं झालं तर खेळाडूनं काय करायचं?
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : आचारसंहिता लागल्याबरोबर अर्ज द्या, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. कुणाची हत्यारं जमा करायची आणि कुणाला सूट द्यायची हे छाननी समिती ठरवते, आणि सामन्यात उतरणाऱ्या नोंदणीकृत नेमबाजांचा विचार होतो. अर्जाला संघटनेचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं वेळापत्रक जोडा. नुसतं 'मी खेळाडू आहे' म्हणून भागत नाही.

सूट नाहीच मिळाली तर जमा करताना पावतीवर बंदुकीचा नंबर स्वतः वाचून बघा, नळीवरचा आणि पावतीवरचा एकच आहे ना. नळी आतून पुसून तेलाचा बोळा फिरवा आणि चोकच्या आट्यांना ग्रीस लावा. आपल्याकडच्या पावसात बंद खोलीत महिनाभर पडलेल्या बंदुकीचा चोक असा गंजून बसतो की तो काढायला ती माझ्यासारख्याच्या टेबलावर येते. बंदूक कापडी खोळीत देऊ नका, कापड ओल धरून ठेवतं. आणि परत आल्यावर पहिला बार काढायच्या आधी नळीतून उजेडाकडे बघा. आत माशीनं मातीचं घर केलेलं मी पाहिलेलं आहे.