अँटिव्हायरसने काढलेला बॅकडोअर रीस्टार्टनंतर परत का येतो?

तुम्ही लिहिलंय की कळंगुटच्या होमस्टेतल्या रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरचा बॅकडोअर, म्हणजे परक्याला चोरवाटेने आत घेणारा प्रोग्राम, अँटिव्हायरस काढतो, पण मशीन पुन्हा चालू केलं की तो हजर. अँटिव्हायरस उडवतोय ती फक्त फाइल. तिला परत आणणारी नोंद विंडोजमध्ये तशीच राहिलीय.

मी फोंड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हॉटेलवाल्याचं मशीन आलं की आधी बुकिंगच्या मेलबद्दल विचारतो. डिसेंबर २०२४ पासून बुकिंग डॉट कॉमच्या नावाने हॉटेलांना खोट्या मेल जात होत्या, आपल्या दक्षिण आशियातसुद्धा. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये त्यांची पद्धत उघड केली. पाहुण्याने वाईट अभिप्राय दिलाय, उत्तर द्या, असा मजकूर असतो. लिंक उघडली की ‘तुम्ही रोबोट नाही ना’ असं विचारणारं पान येतं आणि सांगतं: विंडोज आणि आर ही बटणं दाबा, कंट्रोल-व्ही करा, एंटर मारा. तोवर त्या पानाने क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे, एक कमांड ठेवलेली असते, आणि ती चालवतो आपलाच माणूस. म्हणून ब्राउझर डाउनलोडच्या वेळी देतो तो इशारा इथे येतच नाही. एक्सवर्म, एसिंकरॅट असे दुरून ताबा देणारे प्रोग्राम याच वाटेने आत आले. क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स मोडून फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर ही दुसरी जुनी वाट.

आत आल्यावर पहिलं काम मुक्काम पक्का करण्याचं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची वही. तिच्यातल्या ‘रन’ नावाच्या कीमध्ये, म्हणजे कप्प्यात, एक ओळ लिहिली की दर लॉगिनला प्रोग्राम आपोआप सुरू होतो. ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये ‘अपडेट’सारखं साळसूद नाव देऊन काम लावलं की ठरावीक वेळाने तो पुन्हा उतरवला जातो. कधी तो विंडोजची सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, बनून बसतो. काही वेळा डिस्कवर वेगळी फाइलच नसते. पॉवरशेल या विंडोजच्याच कमांड चालवणाऱ्या साधनाची स्क्रिप्ट रजिस्ट्रीतच दडवलेली असते, मग अँटिव्हायरसला सापडणार काय? शिवाय तो स्वतःच बाहेरच्या सर्व्हरला फोन लावतो, बहुधा पोर्ट ४४३ वरून, म्हणजे नेहमीच्या वेबसाइट जिथून उघडतात तिथूनच. राउटर बाहेरून येणारं अडवतो, आतून जाणारं सहसा नाही.

मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स हे मोफत साधन या बहुतेक जागा एका ठिकाणी दाखवतं. तरीही तुमच्या मशीनवर एकेक नोंद शोधत बसू नका, असं मी कळकळीने सांगतो. सी फॉर्मसाठी, म्हणजे परदेशी पाहुण्यांच्या सरकारी नोंदीसाठी, घेतलेल्या त्यांच्या पासपोर्टच्या प्रती त्यात आहेत. एक नोंद नजरेतून सुटली तरी ते उघडे पडतात. इंटरनेट तोडा. फोटो आणि कागदपत्रंच बाजूला काढा, कुठलाही प्रोग्राम नको. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह तयार करून, डिस्कवरचे सगळे भाग पुसून विंडोज नव्याने टाका. २०१८ मध्ये सापडलेला लोजॅक्स नावाचा प्रोग्राम मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या मूळ प्रोग्राममध्ये, बसायचा आणि डिस्क बदलली तरी टिकायचा, पण असले प्रकार विरळा, तुमच्याकडे तो असण्याची शक्यता फारच कमी.

पासवर्ड मात्र आजच बदला, दुसऱ्या फोनवरून: आधी ईमेल, मग बुकिंगचं खातं, मग बँक. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ करा, कारण चोरलेल्या कुकीने, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या लॉगिनच्या खुणेने, पासवर्डशिवायही आत शिरता येतं. खात्यातून पैसे गेले असतील तर तडक सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा. आणि तुमच्या खात्यावरून पाहुण्यांना पैसे मागणारे मेसेज गेलेत का ते बघा. गेले असतील तर त्या प्रत्येकाला स्वतः कळवा.