कालप्रवास शक्य झाला, तर इतिहासात हरवलेली कोणती वस्तू परत आणाल?

मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या पोथ्या! १५६२ साली आजच्या मेक्सिकोतल्या युकातानमधल्या मानी इथे दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने त्या सैतानी ठरवून जाळल्या. झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेल्या, घड्या घालून मिटणाऱ्या पोथ्या. आज अशा जेमतेम चार उरल्यात आणि त्यांत मुख्यतः पंचांग, ग्रहणं, शुक्राची गणितं, विधी. राजांचा इतिहास दगडांवरच्या कोरीव मजकुरातून जुळवावा लागतो. गेलेल्या पोथ्यांत काय काय असेल, या विचाराने जीव तुटतो. बरेच जण दुसऱ्या महायुद्धात गायब झालेली अंबर रूम, म्हणजे रशियन राजवाड्यातली अंबर या पिवळसर राळेच्या खड्यांनी मढवलेली खोली, सांगतील. पण तिची प्रतिकृती २००३ साली तयार झालीय. माया लिपी आता बरीचशी वाचता येते, म्हणून मी त्या आगीच्या आदल्या रात्रीच जाईन. तशाही राख होणाऱ्या पोथ्या उचलल्याने इतिहासही फारसा बदलणार नाही.