घरच्यांचे आभार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरातील माणसांविषयी मनात असलेली कृतज्ञता त्यांच्यापर्यंत कशी पोहोचवावी, या एकाच प्रश्नाभोवती फिरणारी काही पत्रे या महिन्यात आली आहेत. प्रत्येकाची परिस्थिती निराळी असल्यामुळे त्यांना एकच उत्तर देणे योग्य ठरले नसते. म्हणून पाच पत्रे थोडक्यात देऊन स्वतंत्र उत्तरे लिहीत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : आईने आमच्यासाठी आयुष्यभर जे केले त्याबद्दल तिच्याशी बोलावे, असे अलीकडे फार वाटू लागले होते. एके दिवशी धीर करून मी म्हटले, "आई, तू आमच्यासाठी खूप केलंस." ती गोंधळली आणि "हे काय परक्यासारखं बोलतोस? आईचे कोणी आभार मानतं का?" असे म्हणून दुसऱ्याच विषयावर गेली. माझे काही चुकले का? घरात हे बोलणे खरोखरच अनावश्यक असते का?

उत्तर : तुमचे चुकले नाही आणि तुमच्या आईंची प्रतिक्रियाही अस्वाभाविक नाही. जवळच्या माणसांत रोजच्या मदतीसाठी आभाराचे शब्द जगभरच फार कमी वापरले जातात. सिमिऑन फ्लॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच खंडांतील आठ भाषांमधली, घरातल्या आणि ओळखीच्या माणसांची रोजची संभाषणे तपासली होती. एकाने काही मागितले आणि दुसऱ्याने ते दिले किंवा केले, अशा हजाराहून अधिक प्रसंगांत शब्दांनी आभार मानले गेले ते शंभरात जेमतेम पाच-सहा वेळा. याचा अर्थ ती माणसे कृतघ्न होती असा मुळीच नाही. मागितले तर मिळेल आणि दिल्याची नोंद कोणी ठेवणार नाही, हा विश्वास जिथे असतो तिथे प्रत्येक वेळी आभार मानण्याची गरज भासत नाही. तुमच्या आईंना 'परक्यासारखं' वाटले ते याच विश्वासामुळे. हिशेब मिटवण्यासाठी मुलगा आला आहे की काय, अशी शंका त्यांना क्षणभर चाटून गेली असावी.

परंतु हातातली वस्तू पुढे करण्याबद्दलचे आभार आणि एका संपूर्ण आयुष्याच्या कष्टांची जाणीव या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. पहिली न बोलता चालते, दुसरी मात्र न बोलल्यास समोरच्या माणसाला कधीच कळत नाही, कारण आपण केलेले कोणाच्या लक्षात राहिले आणि कोणाच्या नजरेतून सुटले हे त्याला बाहेरून समजण्याचा काही मार्ग नसतो. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्येच प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना आपल्या आयुष्यातील एखाद्या व्यक्तीला कृतज्ञतेचे पत्र लिहायला सांगितले होते. पत्र वाचणाऱ्याला किती अवघडल्यासारखे होईल याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला आणि त्याला किती आनंद होईल याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. लिहिणाऱ्याला आपले शब्द नीट जुळतील की नाही याची काळजी असते, तर वाचणाऱ्याच्या मनात शब्दांपेक्षा त्यामागची माया उरते.

मग तुमचे वाक्य का पोहोचले नाही? माझ्या मते त्याचे कारण 'खूप' या शब्दात आहे. खूप केलेस, सर्वस्व दिलेस, अशी वाक्ये इतकी मोठी असतात की ऐकणाऱ्याला त्यातले नेमके काय स्वीकारावे हेच कळत नाही आणि संकोचून बाजूला होण्याशिवाय त्याच्यापुढे पर्याय राहत नाही. त्याऐवजी एकच प्रसंग सांगून पाहा. "मी नापास झालो त्या वर्षी तू कोणासमोरही त्याचा उल्लेख केला नाहीस आणि मला कोणाला तोंड दाखवण्याची भीती वाटू दिली नाहीस, ते मला आता माझी मुलं मोठी होताना कळतं आहे." अशा वाक्यात त्यांनी काय केले, ते तुम्हाला कसे लागू पडले आणि ते आज का आठवले, हे तिन्ही येते. त्यांनी पुन्हा विषय बदललाच तर बदलू द्यावा. त्यांनी ऐकलेले असते. समोरासमोर शब्द फुटत नसतील तर चार ओळी लिहून द्याव्यात. लिहिलेले पुन्हा वाचता येते आणि वाचताना समोर कोणी नसल्यामुळे चेहरा सांभाळावा लागत नाही.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. माझे पती रोज रात्री न चुकता "तू आहेस म्हणून हे घर चालतं" असे म्हणतात, पण घरातील एकाही कामाची जबाबदारी घेत नाहीत. आता ते वाक्य ऐकले की मला राग येतो. मी कृतघ्न झाले आहे का?

उत्तर : नाही. कामात वाटा उचलण्याऐवजी जेव्हा कोणी आभार मानते, तेव्हा ते आभार राहत नाहीत, ती चालू व्यवस्था तशीच पुढे चालू ठेवण्याची विनंती होते. तुमचा राग त्या विनंतीवर आहे आणि तो रास्त आहे.

तुमच्या पतींच्या हेतूविषयी मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये विवाहित जोडप्यांना घरातील निरनिराळ्या कामांत स्वतःचा वाटा किती आहे असे वेगवेगळे विचारले होते. बहुतेक जोडप्यांत दोघांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या पुढे गेली. स्वतः केलेले काम तपशिलांसह आठवते आणि दुसऱ्याने केलेले काम डोळ्यांआड होते, हे त्याचे एक कारण होते. 'घर चालतं' या दोन शब्दांमागे तुम्ही दिवसभरात किती गोष्टी लक्षात ठेवता, कोणत्या तारखा सांभाळता आणि काय संपत आले आहे यावर कशी नजर ठेवता, हे त्यांना बहुधा दिसतच नाही. म्हणून एखादे काम पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा, म्हणजे ते करण्याबरोबरच ते करायचे आहे हे लक्षात ठेवण्याची जबाबदारीही त्यांची राहील. आठवण करून देऊ नका. काही आठवड्यांनी ते जे बोलतील त्यात तपशील येतील, आणि तपशील आले की तेच आभार ऐकताना तुम्हाला राग येणार नाही. काम घेण्यासच त्यांनी नकार दिला, तर मात्र प्रश्न कृतज्ञतेचा नसून न्याय्य वाटणीचा आहे हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे लागेल.

प्रश्न : आमचे आई-वडील लवकर गेले. मोठ्या बहिणीने शिक्षण सोडून नोकरी धरली आणि मला शिकवले. आज माझे सर्व काही व्यवस्थित आहे. ती मात्र अजूनही फार साधेपणाने राहते. मी पैसे पाठवतो, वस्तू पाठवतो, पण तिच्यासमोर बसलो की जीव दडपतो आणि हल्ली मी तिच्याकडे जाणेच टाळू लागलो आहे. हे ऋण फेडायचे तरी कसे?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे : तुम्ही तिच्याकडे जाणे टाळू लागला आहात. तुमच्या बहिणीला आज काही बोचत असेल तर ते पैशांची परतफेड न होणे नसून हे टाळणे असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

उपकाराचे ओझे आणि उपकाराविषयीची कृतज्ञता या भावना बाहेरून सारख्या दिसल्या तरी माणसाला विरुद्ध दिशांना नेतात. फिलिप वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हा फरक तपासला होता. मदत करणाऱ्याने परतफेडीची अपेक्षा जितकी अधिक ठेवली, तितके मदत घेणाऱ्याला ओझे अधिक वाटले आणि कृतज्ञता कमी वाटली. तुमच्या बाबतीत वेदनादायक गोष्ट ही आहे की बहिणीने अशी कोणतीही अपेक्षा बोलून दाखवल्याचे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ती अपेक्षा तिच्या वतीने तुम्हीच धरली आहे, आणि ती कधीही पूर्ण होणार नाही इतकी मोठी धरली आहे. सावकाराला चुकवून दुसऱ्या रस्त्याने जाणाऱ्या माणसासारखे तुम्ही वागत आहात, आणि तिने तर कधी कर्ज दिलेच नव्हते.

पैसे पाठवणे थांबवा असे मी म्हणत नाही. तिला गरज असेल तर ते अवश्य पाठवावेत, मात्र ते तिला विचारून, तिच्या आवश्यकतेप्रमाणे पाठवावेत, आपल्या मनातील टोचणीप्रमाणे नव्हे. परंतु त्याआधी तिच्याकडे जा, पुरेसा वेळ काढून जा, आणि त्या वर्षांविषयी तिला विचारा. तिने शिक्षण सोडले तेव्हा तिला काय व्हायचे होते, नोकरीच्या पहिल्या दिवसांत तिला कशाची भीती वाटत होती, कोणी मदत केली आणि कोणी पाठ फिरवली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? अनेक घरांत लहान भावंडांना हे कधीच सांगितले जात नाही आणि तीही विचारत नाहीत, कारण उत्तर ऐकण्याची त्यांना धास्ती वाटते. तुम्ही विचारा आणि ऐकून घ्या. ती कदाचित रागावेल, कदाचित रडेल, कदाचित "मला त्याचं कधीच काही वाटलं नाही" असेही म्हणेल. यांपैकी काहीही झाले तरी स्वतःच्या अपराधी भावनेविषयी बोलू लागू नका, नाहीतर तुमची समजूत काढण्याचे काम पुन्हा तिच्यावरच येईल आणि ते तिने आधीच पुष्कळ वर्षे केले आहे.

आणि बोलायचे ते तिच्याविषयी बोला. सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जोडप्यांच्या आभाराच्या बोलण्याचा अभ्यास केला होता. मला काय मिळाले यापेक्षा समोरच्याने काय केले आणि त्यात त्याचे कोणते गुण दिसले याविषयीचे बोलणे ऐकणाऱ्याला अधिक सुखावणारे ठरले. "तुझ्यामुळे मी आज इथे आहे" हे खरे असले तरी त्या वाक्याच्या केंद्रस्थानी तुम्हीच आहात. "त्या वयात एका दिवसात एवढा निर्णय घेतलास आणि माझ्यासमोर कधी त्याबद्दल तक्रार केली नाहीस, एवढं बळ तू कुठून आणलंस?" या वाक्यात ती आहे. तिने आयुष्यात जे केले ते एक धैर्याचे कृत्य म्हणून तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे. तिने साधेपणाने राहणे हेही तुम्ही तिच्या दुर्दैवाचा पुरावा मानू नका. तिला ते आवडत असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

प्रश्न : मी रोज झोपण्यापूर्वी वहीत घरच्यांविषयीच्या चांगल्या गोष्टी लिहिते. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : तुमच्या स्वतःसाठी ते चांगले आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या २००३ मधील प्रयोगांत अशा नोंदी ठेवणाऱ्यांना, रोजच्या कटकटींची नोंद ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटल्याचे दिसले होते. पण ज्यांच्याविषयी तुम्ही लिहिता त्यांच्यापर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही. नॅथनिएल लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की कृतज्ञता नुसती मनात आणण्यापेक्षा ती जोडीदाराला किंवा मित्राला बोलून दाखवल्याने बोलणाऱ्यालाही त्या माणसाची जबाबदारी अधिक आपलीशी वाटू लागते. तेव्हा आठवड्यातून एकदा वहीतली एक ओळ त्या व्यक्तीला सांगावी. रोज सांगितली तर तीही सवयीची होऊन जाईल.

प्रश्न : वडिलांनी माझ्या शिक्षणात कधी काही कमी पडू दिले नाही, परंतु लहानपणी त्यांनी मला खूप मारले आणि चारचौघांत अपमानही केला. आता ते थकले आहेत. नातेवाईक सांगतात, "त्यांचे उपकार विसरू नकोस." माझ्या मनात कृतज्ञता येतच नाही. मी काय करू?

उत्तर : येत नसेल तर ती आणण्याचा प्रयत्न करू नका. कृतज्ञता मागून मिळत नाही, आणि दबावाखाली उच्चारलेले आभार बोलणाऱ्याला आणखी दुखावतात. तुमच्या वडिलांनी शिक्षण दिले हे खरे आहे आणि त्यांनी तुम्हाला इजा केली हेही खरे आहे. एकाने दुसरे पुसले जात नाही. फी वेळेवर भरली गेली म्हणून मारणे योग्य ठरत नाही. तसेच मारले म्हणून फी भरलीच नाही असेही होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करण्याची मोकळीक स्वतःला द्या. पुढे कधी, कोणी न सांगता, शिक्षणाविषयी त्यांना एखादे वाक्य बोलावेसे वाटले, तर तेवढेच बोला. त्यामुळे बाकीचे माफ केले असे होत नाही, आणि तसे कोणाला भासवण्याचीही आवश्यकता नाही.

त्यांची म्हातारपणीची देखभाल हा वेगळा निर्णय आहे. तो तुमची ताकद, तुमची सुरक्षितता आणि इतर भावंडांचा वाटा पाहून घ्यावा. प्रेम नसतानाही माणूस कर्तव्य म्हणून औषधपाण्याची व्यवस्था करू शकतो आणि त्यात कोणतेही ढोंग नसते. नातेवाईकांना "त्यांची सोय मी पाहीन, माझ्या मनाचं मात्र मला पाहू द्या" एवढे सांगून थांबावे. जुन्या आठवणींनी झोप उडत असेल किंवा त्यांच्या सहवासात पुन्हा तीच भीती दाटून येत असेल, तर समुपदेशकाची मदत जरूर घ्या.

एक गोष्ट मात्र मला तुम्हाला आवर्जून विचारायची आहे. त्या वर्षांत तुमच्या बाजूने कोणी उभे राहिले होते का? मार पडल्यानंतर जवळ घेणारी आजी, आवाज चढला की तुम्हाला बाहेर घेऊन जाणारा भाऊ किंवा काही न विचारता आपल्या घरी बसू देणारी मावशी? ज्या माणसाविषयी कृतज्ञ राहा असा आग्रह सर्व जण धरत असतात, त्याच्याकडे पाहता पाहता ज्याने खरोखर आधार दिला तो माणूस मागे राहून जातो. असे कोणी असेल आणि आज हयात असेल, तर तुमचे पहिले पत्र त्या व्यक्तीला जाऊ द्या, आणि त्यात तो एक प्रसंग जसा आठवतो तसा लिहा.