वाचकांचे प्रश्न : जो लुईवर कर्जाचा डोंगर कशाने चढला?

प्रश्न : हेवीवेट मुष्टियुद्धाचा जगज्जेता जो लुई उतारवयात लास व्हेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी करीत होता, असे वाचनात आले. इतकी वर्षे अजिंक्य राहिलेल्या माणसावर ही पाळी केवळ उधळेपणामुळे आली काय?

उत्तर : उधळा हा शब्द लुईच्या बाबतीत लिहिताना माझा हात अडखळतो. त्याचा हात सैल होता, हे खरेच. मागेल त्याला तो पैसे देई, मित्रांच्या भरवशावर काढलेले त्याचे धंदे एकामागून एक बुडाले, आणि मिळकतीचा मोठा वाटा त्याच्या व्यवस्थापकांकडे जात असे. पण मंदीच्या काळात आपल्या कुटुंबाला डेट्रॉइट शहराकडून मिळालेली सरकारी मदत, हाती पैसा येताच त्याने स्वतःहून परत केली होती. घेतलेले देणे बुडवण्याची वृत्ती त्याच्यात नव्हती, आणि म्हणूनच पुढची हकीकत मनाला लागते.

२२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला हरवून लुई जगज्जेता झाला आणि १ मार्च १९४९ रोजी निवृत्ती जाहीर करीपर्यंत, म्हणजे अकरा वर्षे आणि आठ महिने, त्याने ते पद २५ वेळा राखले. याच काळात महायुद्ध आले. जानेवारी १९४२ मध्ये बडी बेअरविरुद्धच्या सामन्यातील आपली कमाई त्याने नौदलाच्या मदतनिधीला दिली, त्याच महिन्यात तो सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला, आणि मार्चमध्ये एब सायमनविरुद्धच्या सामन्याची कमाई भूदलाच्या मदतनिधीला दिली. शिपायाचा पगार त्या वेळी महिना २१ डॉलर होता. पुढची वर्षे सैनिकांच्या करमणुकीसाठी प्रदर्शनी सामने खेळण्यात गेली, आणि हातात मिळकत नसल्याने घरखर्च उसनवारीवर चालला.

युद्ध संपल्यावर प्राप्तिकर खात्याने हिशेब काढला, तेव्हा मदतनिधीला दिलेल्या रकमाही त्याचेच उत्पन्न म्हणून धरल्या गेल्या. त्याच्या हिशेबनिसांनी आधीच घोळ घालून ठेवलेला होता. त्यावर दंड आणि व्याज चढत जाऊन १९५० पर्यंत थकबाकी पाच लाख डॉलरच्या पुढे गेली. आता ही फेडायची कशी? लुईला येत होते ते एकच काम. मात्र अमेरिकेत १९५१ साली उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर कराचा दर ९१ टक्के होता. मोठा सामना खेळून मोठी रक्कम मिळवावी, तर तिचा बहुतेक भाग चालू वर्षाच्याच करात जाई, जुन्या थकबाकीला जेमतेम काही उरे, आणि तेवढ्यात तिचे व्याज वाढलेले असे. जितके खेळावे तितके रुतत जावे, अशी ही कोंडी होती. माझ्या मते त्याच्या दैन्याचे खरे कारण येथे आहे, आणि त्याच्या सैल हाताचा दोष त्यापुढे फार लहान आहे.

या कोंडीपायीच तो पुन्हा रिंगमध्ये उतरला. सप्टेंबर १९५० मध्ये एझार्ड चार्ल्सने त्याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्यासमोर रॉकी मार्सियानो होता. लुई तेव्हा ३७ वर्षांचा होता, मार्सियानो २८ वर्षांचा. आठव्या फेरीत डाव्या हाताच्या ठोशाने लुई खाली गेला आणि आठ अंक मोजून होताच उठून उभा राहिला. मग मार्सियानोचा उजवा हात आला आणि लुई दोरांमधून मागे कलंडून रिंगच्या कडेवर आडवा झाला. पंचाने पुढे अंक मोजलेच नाहीत, लढत थांबवली. लुईला लहानपणापासून आदर्श मानणारा मार्सियानो नंतर त्याला भेटायला गेला, तेव्हा रडला.

त्यानंतर १९५६ मध्ये लुईने पैशांसाठी व्यावसायिक कुस्तीही केली, ती दुखापतीमुळे सोडावी लागली. १९६० च्या दशकाच्या आरंभी सरकारने जुन्या थकबाकीचा तगादा सोडून केवळ चालू उत्पन्नावर कर घेण्याचे मान्य केले. पुढे मनाच्या आजाराने घेरले आणि १९७० मध्ये त्याला उपचारांसाठी रुग्णालयात ठेवावे लागले. लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या कॅसिनोतील ती नोकरी या सगळ्यानंतरच्या काळात त्याचा आधार होती. तिला भीक म्हणणे मला पटत नाही, कारण येणारे लोक त्याचा हात हातात घ्यायला मुद्दाम थांबत. १९७७ मधील हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो चाकांच्या खुर्चीत होता. ११ एप्रिल १९८१ रोजी तेथेच लॅरी होम्स आणि ट्रेव्हर बर्बिक यांची जगज्जेतेपदाची लढत त्याने प्रेक्षकांत बसून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे निधन झाले.

प्रश्न : त्याच्या अंत्यसंस्काराच्या खर्चाला त्याचा जुना प्रतिस्पर्धी, जर्मन मुष्टियोद्धा मॅक्स श्मेलिंग याने हातभार लावला, हे खरे काय?

उत्तर : होय. १९३६ मध्ये श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत चीत केले होते आणि २२ जून १९३८ रोजी लुईने त्याची परतफेड अवघ्या १२४ सेकंदांत केली. नाझी राजवटीने श्मेलिंगला आपला वीर म्हणून मिरवले, पण तो पक्षाचा सभासद कधीच झाला नाही, आणि नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी दंगलीत त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत दडवून वाचवले. युद्धानंतर हॅम्बुर्गमध्ये कोका-कोलाच्या व्यवसायात त्याला चांगले दिवस आले. १९५४ मध्ये तो लुईला भेटायला शिकागोला गेला; त्या भेटीतून जुळलेली मैत्री अखेरपर्यंत टिकली, आणि लुईच्या अडचणीच्या काळात श्मेलिंगने त्याला पैशांची मदतही केली. नियमांत बसत नसतानाही, अध्यक्ष रेगन यांच्या विशेष परवानगीने, लुईचे दफन आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत झाले.